भिंतीकडची ओळ

१

कोरळगीत कुणाच्या घरी माणूस गेलं की पहिला निरोप पाहुण्यांना जाई, दुसरा मठातल्या स्वामींना आणि तिसरा शांतलिंगला.

नळदुर्ग-उमरगा रस्त्यापासून थोडं आत असलेलं हे गाव. बाजारात भाव विचारायचा मराठीत आणि कमी करून घ्यायचा कन्नडमध्ये, अशी इथली रीत. चौकात शांतलिंगचा स्टुडिओ होता, बायकोच्या नावाचा: 'शिवलीला फोटो'. मोबाइल आल्यापासून धंद्यातली हवाच गेली होती. बारशाला, साखरपुड्याला जो तो आपल्या खिशातून फोन काढतो आणि शांतलिंगला जेवायला बोलावतो, कॅमेरा घरी ठेवून. पण शेवटच्या फोटोला मात्र अजून त्याचाच हात लागायचा. घरचं माणूस गेल्यावर मोबाइल काढायला कुणाचं मन होत नाही.

लिंगायतांच्या घरी गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून भिंतीशी मांडी घालून बसवतात. मान पडू नये म्हणून कपाळावरून कापडाची पट्टी मागं नेऊन खिळ्याला बांधतात, वरून रुमाल नाहीतर फुलांची माळ घालतात. मग लेकी-सुना दोन्ही अंगांना बसतात आणि फोटो होतो. बाहेरगावच्या माणसाला पाहून घाम फुटावा. इथल्या शाळकरी पोरांनाही त्याचं काही वाटत नाही. घरोघरी असे फोटो लावलेले असतात, बाजूला लग्नाचे, खाली टीव्ही.

"जित्या माणसापरीस ही बरी," शांतलिंग थट्टेनं म्हणे, "हलत न्हाईत, आनि फोटो बघून तोंड वाकडं करत न्हाईत."

थट्टा सोडली तर एक गोष्ट त्याला खरोखर कळत असे. भिंतीशी बसलेला माणूस जिता की गेलेला, हे त्याला दारातूनच समजे. जिता माणूस कितीही गप्प बसला, अगदी झोपला, तरी भिंतीला थोडंसं ढकलत असतो. गेलेला माणूस भिंतीच्या स्वाधीन झालेला असतो. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं?

२

गावाच्या टोकाच्या जुन्या रेस्ट हाऊसात ऑफिस आलं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. कसलं ऑफिस ते कुणालाच धड माहीत नव्हतं. कुणी म्हणे पाण्याचं, कुणी म्हणे जमिनीचं. दारावर नुसतं 'कार्यालय' लिहिलेलं. गावानं महिनाभर चर्चा केली आणि मग, आपल्याला काय करायचंय, म्हणून विषय सोडून दिला.

त्या ऑफिसच्या भिंतीवर पहिली पाटी लागली: 'येथे फोटो व व्हिडिओ काढण्यास सक्त मनाई आहे.' लाल अक्षरं, खाली कुणाची सही नाही, कुठलं कलम नाही. सरकारी ऑफिस आहे, असेल काहीतरी, असं लोक म्हणाले. मग तशीच पाटी एसटी स्टँडवर दिसली. मग तलावाच्या बांधावर. मग भाजीबाजारात, मग दवाखान्याच्या फाटकावर. लावताना कुणी पाहिलं नाही. सकाळी उठावं तर पाटी असे, आणि दोन दिवसांनी ती कायमचीच होती असं वाटू लागे.

सोमेशला तेवढं ते पटत नव्हतं. सोमेश म्हणजे शिवलीलाचा धाकटा भाऊ. आई-वडील गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. आता पंचविशीचा गडी झाला होता आणि लग्नांत दाजींबरोबर व्हिडिओचं काम करायचा. जिभेला हाड नाही, पण मनात पापही नाही, अशातला.

"दाजी, रस्ता कुनाचा हाय?" तो विचारी. "आपलाच न्हवं? मग आपल्या रस्त्याचा फोटो काढायला कुनाला इचारायचं?"

"तुला रस्त्याचा फोटो काढून काय करायचंय? भिंतीवर लावनार हाईस का?"

"करायचं काय न्हाय. पन काढायचाच न्हाय म्हन्ल्यावर काढावासा वाटतुया."

शांतलिंग हसण्यावारी नेई. तो नाकासमोर चालणारा माणूस. स्टुडिओच्या दारातून चौकाचा फोटो काढायचा सोडला म्हणून काही भाकरी कमी पडत नव्हती. मेहुण्याचं लग्न झालं की डोकं ताळ्यावर येईल, असा त्याचा हिशेब होता.

३

बाजाराच्या दिवशी ऑफिसच्या बाजूच्या रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांना उठवलं. आरडाओरडा फारसा झाला नाही. माणसं आली, टोपल्या उचलल्या, टमाटे-वांगी गटारात गेली आणि बायका बघत राहिल्या. सोमेश तिथून चालला होता. तो थांबला आणि त्यानं फोन वर धरला.

समोरच्या किराणा दुकानातून महालिंगप्पानं सगळं पाहिलं. सत्तरीचा शेठ, शांतलिंगच्या वडिलांचा दोस्त. त्यानंच शांतलिंगला सांगितलं, "मारलं न्हाय, धरलं न्हाय बग. एक पांढऱ्या शर्टाचा मानूस आतून आला. 'पाच मिनिटं येता का?' म्हन्ला. पाहुन्यावानी. सोमेशबी 'चला की' म्हनून गेला. पायरीवर चपला काढल्या आनि आत गेला."

"चपला काढल्या?"

"सगळेच काढत्यात तिथं."

शांतलिंग स्टुडिओ बंद करून गेला. फाटकातून ऑफिसचा व्हरांडा दिसत होता. पायरीशी चपलांची रांग होती. पुरुषांच्या, एक-दोन बायकांच्या. शेवटी सोमेशचे निळे सँडल. बाकीच्या चपलांवर धूळ होती. काहींचे पट्टे उन्हानं वाकडे झाले होते, आणि एका जोडात कोळ्यानं जाळं विणलं होतं. शांतलिंगच्या मनात आलं, लोक अनवाणीच घरी गेले की काय? मग त्यानं स्वतःलाच समजावलं: शिपायांच्या जुन्या चपला असतील, ऑफिसात असतात पडून.

संध्याकाळ झाली तरी सोमेश आला नाही.

४

"आत आहेत. बरे आहेत," फाटकावरचा रखवालदार म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. आवाज चढवला नाही, हाकललंही नाही. नेलेला डबा ठेवून घेई आणि संध्याकाळी रिकामा परत देई. शिवलीलानं मुद्दाम वांगं दिलं. सोमेश वांग्याला शिवत नसे. लहानपणापासूनचं भांडण होतं ते. डबा रिकामा आला, चाटूनपुसून घासलेला. शिवलीला तो हातात धरून चुलीपाशी बसून राहिली.

"त्यो जेवला न्हाय," ती म्हणाली. "दुसरं कुनीतरी जेवलंय. जावा तुमी, आना माझ्या भावाला."

फाटकाजवळच्या लिंबाखाली शांताक्का बसलेली असे. विधवा बाई, पोरगा शिवकुमार रिक्षा चालवायचा. एसटी स्टँडवर पाटी लागली त्या दिवशी त्यानं त्या पाटीचाच फोटो काढला होता, गंमत म्हणून. तेव्हापासून ती इथं यायची. "आत हाय म्हनत्यात," ती सांगे. "बरा हाय म्हनत्यात. मग दावत का न्हाईत?" तिचा हा प्रश्न कानावर पडू नये म्हणून गाव तिला टाळून दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलं होतं.

पोलिसांनी शांतलिंगला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, तो त्या ऑफिसात आहे कशावरून? महालिंगप्पा साक्ष देईल असं शांतलिंग म्हणाला, तर महालिंगप्पाला अचानक नीट आठवेना. धाराशिवच्या वकीलबाईंनी मात्र कान देऊन ऐकलं.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," त्या म्हणाल्या, "पण मी चढते. मला फक्त तो आत आहे एवढं दाखवा. एक फोटो पुरे. नाहीतर ते म्हणतील, असा माणूस आमच्याकडे आलाच नाही, आणि मग मी काय करणार?"

शांतलिंग एसटीनं परत येताना खिडकीतून बघत राहिला. जन्मभर फोटो काढले आणि आता एकाच फोटोवर शिवलीलाचा भाऊ अडला होता, आणि नेमका तोच काढायला मनाई होती. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही.

५

महालिंगप्पाच्या दुकानावर माळवद होतं, मातीची सपाट गच्ची. तिथून ऑफिसची बाजूची खिडकी दिसते, हे गावातल्या वानरांना आणि शांतलिंगला ठाऊक होतं. भर दुपारी, गाव जेवून लवंडलं असताना, तो पिशवीत मोठी लेन्स घालून जिना चढला. डोक्यावर उपरण्याचा पदर घेतला, उन्हासाठी, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

लेन्स डोळ्याला लावली. आधी नुसता काळोख दिसला, मग खोली उमटत गेली. लांब खोली, चुन्याची भिंत. भिंतीशी सतरंजी आणि सतरंजीवर माणसं. ओळीनं, मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली.

दमली असतील, त्याला वाटलं. ऑफिसात माणूस बसून बसून तसाच होतो. त्यात ही उन्हाची वेळ. डुलकी लागली असेल. त्यानं एकाच्या खांद्यावर नजर धरली आणि खांदा हलायची वाट पाहिली. घाम भुवईवरून डोळ्यात आला, पुसला, पुन्हा लेन्स लावली. खांदा तसाच. सगळ्यांच्या माना ताठ, एका पातळीत. डुलकी लागलेल्या दहा माणसांत एखाद्याची तरी मान कलते की नाही? कपाळापासून मागं भिंतीपर्यंत काहीतरी पांढरं गेलेलं दिसत होतं. उजेडाची तिरीप असेल. इतक्या लांबून लेन्सही फसवते.

ही माणसं भिंतीला ढकलत नव्हती.

त्यानं बोट बटणावर ठेवलं. दाबायचंच होतं. तेवढ्यात खिडकीत पांढरा शर्ट आला. त्या माणसानं वर बघितलं, अगदी बरोबर शांतलिंगकडे, आणि हात जोडून नमस्कार केला. लग्नाच्या मांडवात ओळखीचं माणूस दिसल्यावर करतात तसा. शांतलिंगनंही कॅमेरा खाली ठेवून नमस्कार केला. हात आपोआप जुळले. त्याला स्वतःची इतकी चीड आली की तो माळवदावरच खाली बसला.

उठताना त्याला कठड्याच्या आतल्या बाजूला लाल अक्षरं दिसली. तीच पाटी, रंग अजून ओला होता.

जिन्याखाली महालिंगप्पा हातातला ब्रश रॉकेलमध्ये बुडवत बसला होता.

"अप्पा, वर पाटी कुनी लावली?"

"म्याच," महालिंगप्पा म्हणाला, आणि विचारात पडला. "कुनी सांगितलं न्हाय रं. सकाळी उठलो आनि वाटलं, आपलीबी एक असावी."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरा शर्ट स्टुडिओत आला. खुर्चीवर बसला, पाणी मागितलं, भिंतीवरचे नवरा-नवरींचे फोटो कौतुकानं पाहिले. त्याची मराठी स्वच्छ होती, पण कुठल्या गावची ते कळत नव्हतं.

"थोडं काम होतं," तो म्हणाला. "आतल्या मंडळींचे फोटो हवे आहेत. तुमच्या हाताचं नाव आहे."

"तिथं तर मनाई हाय न्हवं?"

"ती बाहेरच्यांना." तो हसला. "पाच मिनिटांचं काम. आणि परत जाताना तुमच्या माणसालाही घेऊन जा. आता त्याचं काही काम उरलेलं नाही."

पडदा बाजूला सारून शिवलीला आत आली. ती सगळं ऐकत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "जावा," ती म्हणाली, "काय म्हनत्याल ते करा. वाद घालू नगा. नुसता घेऊन या त्येला." शांतलिंगलाही तेच हवं होतं. आत जायला मिळतंय, कॅमेऱ्यासकट मिळतंय; एखादा फोटो कार्डावर राहिला तर वकीलबाईंच्या हाती देता येईल. देवानंच दार उघडलं असं त्याला वाटलं. फुकट हाती आलेल्या गोष्टीत खोट शोधायची नाही, असा त्याचा स्वभाव.

फाटकाशी शांताक्कानं त्याची बाही धरली. "बापू, माझा शिवकुमार दिसला तर एवढं सांगा, की दिसला. मग म्या वकिलाचे पाय धरीन. खाकी शर्ट हाय अंगात. वरचं बटन न्हाय. त्या दिशी सांजच्याला लावनार व्हते म्या."

"सांगतो अक्का," शांतलिंग म्हणाला. "दिसला तर सांगतोच."

७

पायरीशी त्यानं चपला काढल्या. आत बोळ होता, फरशी गार होती. बाहेर उन्हानं जीव नकोसा झालेला आणि इथं माठाजवळ बसल्यासारखं वाटत होतं. कुठंतरी पंखा चालू होता. हळू, एका लयीत, फूऽऽ आणि मग पुन्हा फूऽऽ. शांतलिंगनं वर पाहिलं. छताला पंखा नव्हता. शेजारच्या खोलीत असेल.

खोलीचं दार उघडलं आणि तो चौकटीतच थांबला.

माळवदावरून दिसली त्याहून ओळ लांब होती. पलीकडचं टोक अंधारात जात होतं. कपाळावरून पांढऱ्या पट्ट्या मागं गेल्या होत्या, भिंतीत एका उंचीवर ठोकलेल्या खिळ्यांना. हात मांडीवर उपडे ठेवलेले. सगळं रीतसर, शांतलिंगनं इतक्या घरांतून पाहिलं होतं तसं. एकच गोष्ट वेगळी होती. डोळे सगळ्यांचे टक्क उघडे होते. आणि पंख्याचा आवाज याच खोलीतून येत होता. सगळी ओळ एकाच वेळी श्वास घेत होती आणि एकाच वेळी सोडत होती.

जिती आहेत, तो मनात म्हणाला. जिती आहेत, देवा, जिती आहेत.

अलीकडून तिसरा खाकी शर्टातला होता. वरचं बटण नव्हतं. शिवकुमारची नजर समोरच्या भिंतीवर होती. शांतलिंग आडवा आला तरी ती तशीच राहिली, रस्त्यातला खांब चुकवून बघावं तशी.

"याच्यापासून सुरू करा," पांढरा शर्ट म्हणाला.

ओळीत सर्वांत अलीकडे सोमेश होता. दाढी वाढली होती, ओठ सुकले होते. "सोमेश," शांतलिंग हळू म्हणाला, "अरे, म्या हाय. दाजी." सोमेशच्या उघड्या डोळ्यांत पाणी आलं. तो बघत होता. त्या खोलीत असेल नसेल ते सगळं तो बघत होता.

शांतलिंग त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्यानं हातांना रोजचं काम दिलं. कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्यानं पोटाशी लटकू दिला, सोमेशची मांडी नीट केली, पट्टी कपाळावर सरळ केली, हनुवटी किंचित वर उचलली. कामाला लागलं की हात शहाणे होतात; मनाला विचारत नाहीत. शेवटच्या फोटोत डोळे अर्धवट उघडे राहिले तर वाईट दिसतं. घरचे रडत असतात, त्यांना काही कळायच्या आत शांतलिंग अंगठा आणि बोटानं पापण्या अलगद खाली ओढून द्यायचा. किती वर्षं हेच केलं होतं. आत्ताही हात तसाच पुढं गेला आणि त्यानं सोमेशच्या पापण्या खाली ओढल्या.

पापण्या ऊबदार होत्या.

चटका बसल्यासारखा त्यानं हात मागं घेतला. "अगं आई," तो पुटपुटला, "न्हाय, न्हाय. उघड रं. चुकून झालं." सोमेशचे डोळे उघडले नाहीत.

श्वासाचा आवाज थांबला. शांतलिंगनं मान वळवली. सोमेशच्या शेजारच्या माणसाचे डोळे मिटत होते. मग त्याच्या पलीकडं शिवकुमारचे. मग त्याच्या पुढच्या बाईचे. कुणी हात लावत नव्हतं. एकेक जोडी, संथपणे, अंधाराच्या दिशेनं, जिथवर दिसत होतं तिथवर आणि बहुतेक त्यापुढंही. मग आवाज पुन्हा सुरू झाला, आता गाढ झोपेतल्यासारखा.

पांढऱ्या शर्टानं सुस्कारा टाकला. दिवसभराचं ओझं उतरल्यावर हमालानं टाकावा तसा.

"झालं," तो म्हणाला. "फोटोची गरज नाही आता. एवढंच आमच्या हातून होत नव्हतं." त्यानं खाली वाकून सोमेशच्या कपाळाची पट्टी सोडली. "घेऊन जा. आणि खरंच, तुमचा हात चांगला आहे."

८

सोमेश चालत घरी आला. पायरीशी स्वतःचे निळे सँडल त्यानं न चाचपडता घातले. बाजारातून, हातगाड्यांच्या मधून, डोळे मिटूनच चालला. ठेच लागली नाही, कुणाला धक्का लागला नाही. शांतलिंग मागं मागं होता. लोक दोघांकडे बघत आणि लगेच तराजूकडे, नाहीतर चपलेकडे बघू लागत. लिंबाखाली शांताक्का नव्हती. शांतलिंगनं ती नाही हे बघून सुटल्यासारखा श्वास घेतला, आणि तसा घेतल्याबद्दल स्वतःला शिवी दिली.

शिवलीलानं भावावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याचं तोंड कुरवाळलं, रडली, हसली. "डोळं उघड की रं, सोम्या. उनानं दुखत्यात का?"

"उघडतो अक्का," सोमेश शांतपणे म्हणाला. "काय घाई हाय?" आणि भिंतीशी जाऊन बसला. तिनं वाढलेलं खाल्लं. तिकडं काय झालं, कोण कोण होतं, विचारलं तर म्हणाला, "काय न्हाय. बरं हाय सगळं."

ज्या पोराच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, ते पोर एवढंच बोललं. शिवलीला उठून नवऱ्यापाशी आली. शांतलिंगनं तिला सगळं सांगितलं, कसं झालं ते, हात कसा गेला ते. लपवायची त्याची छाती झाली नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी मिटलेत न्हवं?" ती म्हणाली. "मग तुमीच उघडा."

तो सोमेशसमोर बसला. आयुष्यात इतके डोळे मिटले होते. उघडायला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं अंगठ्यानं उजवी पापणी हळूच वर केली. डोळा चांगला होता, ओला, जिता. बुबुळात समोरचं दिसतं, बारीक, कॅमेऱ्याच्या काचेत दिसतं तसं. समोर शांतलिंग होता, त्याच्या खांद्यावरून वाकलेली शिवलीला होती, दारातून येणारा उन्हाचा पट्टा होता. बुबुळात यातलं काहीच नव्हतं. बुबुळात चुन्याची भिंत होती. भिंतीशी ओळ होती. सोमेशची जागा रिकामी असायला हवी होती, तिथंही कुणीतरी बसलं होतं आणि त्याच्या गळ्यात कसलासा पट्टा होता. पट्टा कसला हे बघायला शांतलिंग थांबला नाही. त्यानं पापणी सोडून दिली.

"काय दिसलं?" शिवलीलानं विचारलं.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. शांताक्का होती. कुणीतरी तिला सांगितलं असावं; धावत आली होती, पदर खांद्यावरून घसरला होता. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. आत भिंतीशी बसलेला सोमेश दिसला तसा तिचा चेहरा उजळला.

"आला व्हय तुमचा? लई चांगलं झालं. लई चांगलं झालं बाई." मग ती शांतलिंगकडे वळली. "माझा दिसला का वो बापू?"

शांतलिंग उठून दारापाशी गेला. खाकी शर्ट, वरचं बटण नाही. अलीकडून तिसरा. एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या एका शब्दावर ती उद्या वकीलबाईंच्या दारात उभी राहिली असती. शब्द तोंडापर्यंत आला होता. पाठीमागून सोमेशचा श्वास ऐकू येत होता, हळू, एका लयीत.

"न्हाय, अक्का," तो म्हणाला. "आत कुनीच न्हवतं."

 तिनं पदर सावरला, "बरं" म्हणाली आणि पायऱ्या उतरली. तिच्या चपलांचा आवाज बोळातून लांब जाईपर्यंत शांतलिंग ऐकत राहिला.

हे सगळं बोलताना आपले डोळे मिटलेले होते, हे त्याला ती गेल्यावर कळलं. उघडायला हवे होते. पण दाराची चौकट पाठीला गार लागत होती, आणि असं टेकून उभं राहायला बरं वाटत होतं.